दुसऱ्या खुर्चीचं मत

सात महिने एक अक्षर न बोललेला माणूस पहिल्यांदा बोलला, आणि काय बोलला? तर माझ्या आमटीचं परीक्षण केलं.

"पहिल्याच घासाला छाप पडते," गळ्याशी लावलेल्या बटणाएवढ्या स्पीकरमधून आवाज आला. "मीठ मात्र लोड व्हायला वेळ लागतो. रंगसंगती उत्तम. पाचपैकी साडेतीन फोडी."

आवाज ह्यांचाच होता. दुकानाच्या फोनवरच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून दवाखान्याच्या लोकांनी तो जुळवला होता. ओठ मात्र हलत नव्हते. मी पळी हातात धरून तशीच उभी. हसू की रडू कळेना, म्हणून दोन्ही केलं. मग डोळे पुसले आणि विचारलं, "दीड फोड कुठं कापली, ते तरी सांगा की!"

मी पद्मजा चौगुले. सांगलीत बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत आमचं लग्नपत्रिकांचं दुकान. संगणकावर पत्रिका मांडायचं काम ह्यांचं, म्हणजे अभिनंदन चौगुल्यांचं. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझं, कारण मला तोंड आहे. मुहूर्त, मामाचं नाव, आजीच्या नावापुढं 'कै.' लावायचं की नाही, गिऱ्हाईक अडखळलं की पुढचा शब्द मीच सांगून मोकळी व्हायची. हे आत मॅकसमोर बसलेले. सगळी गल्ली दुसरी कुठली यंत्रं वापरायची, आणि आमच्याकडं पहिल्यापासून मॅक. त्या सफरचंदाच्या चिन्हावर ह्यांचा इतका जीव, की लग्नानंतर पहिली भांडणं मी त्या यंत्राशीच केली.

आणि ह्यांना एक छंद होता. मॅकवर चालणारं नवं अ‍ॅप किंवा नवा गेम आला, की तो चालवून बघायचा आणि त्यावर मराठीत मत लिहायचं. 'सफरचंदाची साल' या नावाचा ब्लॉग. तारे बिरे द्यायचे नाहीत. पाचपैकी किती फोडी, असा हिशेब. दोन हजार दहा सालापासून आजारी पडेपर्यंत, अठ्ठावीस वर्षांत, अकराशे बारा परीक्षणं. वाचणारे किती होते देवाला माहीत. हे मात्र गंभीरपणे, चष्मा नाकावर ओढून लिहायचे, जणू अख्खा महाराष्ट्र ते अ‍ॅप घेऊ की नको म्हणून खोळंबलाय.

रविवारी दुपारी दुकान बंद असायचं. जेवणं झाली की ह्यांची हाक यायची, "या बाई, दुसरी खुर्ची!" मॅकसमोर दोन खुर्च्या होत्या, निळ्या रेक्झिनच्या. पहिलीत हे, दुसरीत मी. नवीन काय आलंय ते मला दाखवायचे, पाच मिनिटं माझ्या हातात उंदीर द्यायचे आणि विचारायचे, "कसं वाटतंय?" मला मनात आलं ते मी फाडकन बोलायची आणि भांडी घासायला निघून जायची. ते हसत हसत टाइप करत बसायचे. काय लिहितात ते मी कधी वाचलं नाही. घरातला माणूस दिवसभर ऐकतेच आहे, त्याला पुन्हा वाचायचं कशाला, असं मला वाटायचं.

मग मागच्या श्रावणात ह्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डावा हात तेवढा चालत होता, पण लिहायला घेतलं तरी अक्षरांऐवजी नुसत्या रेघा उमटायच्या.

मिरजेच्या डॉक्टर मुजावरबाईंनी मला समजेल असं सांगितलं. "काकू, विचार शाबूत आहे. विचारापासून तोंडापर्यंतची वाट खचलीय. शब्द मनात यायला लागला की मेंदूत एक कुजबुज होते. आपण कवटीखाली टपाल तिकिटाएवढी जाळी बसवणार. तिच्यात केसापेक्षा बारीक अडीचशे तारा आहेत. त्या ही कुजबुज ऐकतात."

"म्हणजे मनातलं सगळं ऐकू येणार?" मी दचकून विचारलं. नवऱ्याच्या मनातलं सगळं ऐकायची माझी तयारी नव्हती.

बाई हसल्या. "नाही. ते बोलायला जातील तेवढंच, आणि तेही अर्धवट. कुजबुजच ती. एका खुणेचे चार शब्द निघू शकतात. त्यातला कुठला खरा, हे ठरवायला यंत्राला त्या माणसाची सवय माहीत लागते. फोनवर लिहिताना पुढचा शब्द आपोआप सुचतो ना, तसंच. त्यासाठी काकांनी लिहिलेलं जेवढं असेल तेवढं द्या. पत्रं, डायरी, काहीही."

पत्रं कुठली? मला ह्यांनी जन्मात एक चिठ्ठी लिहिली नाही. पण ब्लॉग होता. बंगळुरूला असलेल्या आमच्या सानिकानं तिकडूनच तो उतरवून घेतला. दवाखान्याची सूचना होती, फक्त सलग मजकूर हवा; चित्रं, मथळे, तक्ते काढून टाका. पोरगी कामात चोख. एका संध्याकाळीत अकराशे बारा परीक्षणं धुऊन पुसून पाठवून दिली.

यंत्राबरोबर एक पाटीएवढा पडदा मिळाला होता. त्यावर एक आडवी रेघ आणि रेघेवर सरकणारा ठिपका. डाव्या टोकाला 'संकेत', उजव्या टोकाला 'सवय'. ठिपका डावीकडं असेल तर मेंदूतून आलेलं तेवढंच बोलायचं. तुटक, हळू, कधी चुकीचंही. उजवीकडं नेला तर उरलेलं सवयीनं भरून काढायचं, सफाईदार. बाईंनी सुरुवातीला ठिपका शंभरपैकी ऐंशीवर ठेवला.

"मात्र नव्वद दिवसांत कायमचं ठरवावं लागेल," त्या म्हणाल्या. "यंत्र शिकतं तसा मेंदूही शिकतो. आयती वाक्यं मिळायला लागली, की तो शब्द घडवायचे कष्ट सोडून देतो. तीन महिन्यांत ती घडी बसते. मग ती मोडणं फार अवघड."

मी तेव्हा मान डोलावली. खरं सांगायचं तर मला त्या ठिपक्याचं काही पडलं नव्हतं. माझं माणूस बोलत होतं.

आणि काय बोलत होतं! माझा भाऊ भेटायला आला, तासभर स्वतःच्या गुडघ्याचं पुराण लावून बसला. तो दाराबाहेर पडला न पडला तोच स्पीकर म्हणाला, "दिसायला देखणं, पण उघडल्या उघडल्या सगळी मेमरी खातं. नंतर बंदही होत नाही." मी पदर तोंडाला लावून हसले. व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या मुलीला सांगितलं, "सूचना स्पष्ट. मात्र तेच तेच पडदे पुन्हा येतात." ती बिचारी दुसऱ्या दिवशी नवीन व्यायाम घेऊन आली.

पण मला खरा आनंद वेगळाच झाला. आमचे हे माझ्याशी सहमत व्हायला लागले.

तुम्हाला ह्यात काय वाटायचं नाही. पण तेहतीस वर्षांत आमचं एका पडद्याच्या रंगावर एकमत झालं नव्हतं. मी हो म्हटलं, की ह्यांच्या अंगठ्याचं नख खुर्चीच्या हातावर वाजणार, टक टक. म्हणजे समजायचं, आता 'नाही' येतंय. आणि आता? "हॉलमधला तो जुना रेडिओ काढू का?" "काढा. दिसतो मोठा, करतो काही नाही." अगदी माझ्या मनातलं! "दूरच्या लग्नाला नाही गेलं तर चालेल ना?" "नुसता झगमगाट. आत काही नसतं." मी सानिकाला फोनवर म्हटलं, "अगं, तुझे पप्पा आजारपणात शहाणे झाले."

मग सानिकानं विषय काढला, दुकान बंद करून दोघांनी तिच्याकडं बंगळुरूला यायचा. मला ते हवंच होतं. एकटीनं ह्यांना उचलायचं, बसवायचं, आम्ही जैन, म्हणून सूर्य मावळायच्या आत दोघांची जेवणं उरकायची, वर दुकानातली चौकशी. मी थकले होते, आणि ते कबूल करायची लाज वाटत होती. एका सकाळी केस विंचरताना ह्यांना विचारलं, "अहो, दुकान देऊन टाकावं का? तुम्हाला काय वाटतं?"

स्पीकर लगेच म्हणाला, "नुसता पसारा झालाय. निम्म्या गोष्टी काढून टाका, मोकळं वाटेल."

मला इतकं हलकं वाटलं की मी ह्यांच्या कपाळावर कपाळ टेकवलं. आणि त्याच वेळी डाव्या हाताचं नख चाकाच्या खुर्चीवर वाजलं. टक टक.

ते मला ऐकू आलं नाही असं नाही. ऐकू आलं आणि मी कंगवा ठेवायला उठले. हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते.

दुकान गल्लीतल्याच एका झेरॉक्सवाल्याला द्यायचं ठरलं, यंत्रं, टेबलं, खुर्च्या सगळ्यासकट. ब्याऐंशीव्या दिवशी मी आवराआवर करायला गेले. जुना मॅक झेरॉक्सवाल्याला देण्याआधी त्यातलं आमचं सगळं पुसून दे, असं सानिकानं बजावलं होतं. मी तो चालू केला. ब्लॉग उघडाच होता. पुसायच्या आधी एकदा वाचावं म्हणून मी पहिल्या खुर्चीत बसले. एवढ्या वर्षांत त्या खुर्चीत कधी बसले नव्हते.

वर होतं ते 'पेनविंडो'चं परीक्षण. पडद्यावरच्या खिडक्या नीट लावून देणारं कुठलंसं अ‍ॅप. ह्यांनी लिहिलं होतं, 'एका पडद्यावर नऊ खिडक्या मावतात. नवख्याला गोंधळ वाटेल, पण लग्नसराईत ज्याच्या डोक्यात एकाच वेळी नऊ वधूवर असतात, त्याला हे वरदान आहे. चार फोडी.'

त्याखाली ठळक मथळा होता: दुसऱ्या खुर्चीचं मत.

आणि त्या मथळ्याखाली: 'नुसता पसारा झालाय. निम्म्या गोष्टी काढून टाका, मोकळं वाटेल.'

मी पुढचं परीक्षण उघडलं. 'क्विलबॉक्स', लिहायचं अ‍ॅप. ह्यांनी दोन पानं जोडाक्षरं तुटतात की नाही यावर खर्च केली होती. खाली तोच मथळा: दुसऱ्या खुर्चीचं मत. 'बटणं कमी आहेत म्हणून मला आवडलं. माणसांनीही एवढंच बोलावं.' त्याच्या पुढचं, 'हार्बर टेन', बंदरात बोटी लावायचा गेम. हे तीन आठवडे त्यात बुडाले होते, मला चांगलं आठवतंय. पाचपैकी पाच फोडी. खाली मी: 'बोटी येतात, बोटी जातात. आपण मात्र कुठंच जात नाही.' त्यावर ह्यांचं एक वाक्य होतं. 'दुसऱ्या खुर्चीचं म्हणणं खरं आहे. या दिवाळीत तिला गोकर्णाला समुद्र दाखवायला न्यायचं ठरवलं आहे.'

नेलं होतं. त्या दिवाळीत खरंच नेलं होतं. मला वाटलं होतं, ह्यांना अचानक काय सुचलं.

मी दुपारभर वाचत बसले. अकराशे बारापैकी एकही असं नव्हतं जिथं शेवटी मी नव्हते. माझी एकेक फटकळ ओळ, काना मात्रा न बदलता. कधी नुसती, कधी खाली ह्यांच्या टोल्यासकट: 'दुसऱ्या खुर्चीला जिथं पसारा दिसतो, तिथं मला माझी वस्तू सापडते. चार फोडी कायम.' 'दुसरी खुर्ची साफ चुकते आहे, आणि हे मी ती माहेरी गेलेली असताना लिहितो आहे.'

मी रडले. आधी सुखानं रडले, की मला कधी चिठ्ठी न लिहिणाऱ्या माणसानं अकराशे बारा वेळा मला कागदावर घेतलं होतं. मग दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि रडूच थांबलं.

मी सानिकाला फोन लावला. "मथळे काढलेस, त्यात 'दुसऱ्या खुर्चीचं मत' हा मथळाही काढलास?"

"हो आई, सगळेच काढले. तसंच सांगितलं होतं ना."

"त्याखालचा मजकूर?"

पोरगी हुशार आहे, तिला पुढं काही सांगावं लागलं नाही. "आई गं," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी मी घरी परतले, तेव्हा मुजावरबाईंनी फोनवर त्याची उकल केली. यंत्राला परीक्षणांची घडण पाठ झाली होती. आधी वर्णन, शेवटी निकाल. वर्णन सगळं ह्यांचं. पण कुणी 'तुम्हाला काय वाटतं?' विचारलं, की यंत्र निकालाच्या जागी जाऊन शब्द शोधायचं. आणि अकराशे बारा निकालांच्या जागी मी बसले होते. ह्यांच्या मेंदूतून क्षीण 'नाही' येत असेल, तर ऐंशी टक्के सवय त्याला दाबून माझं वाक्य पुढं करत होती. माझा नवरा शहाणा वगैरे झाला नव्हता. अडीच महिने मी माझ्याशीच बोलत होते, आणि मध्ये त्याला नुसता बसवून ठेवला होता.

"माझे शब्द गाळून यंत्राला पुन्हा शिकवता येईल?" मी विचारलं.

"येईल. चांगलं होईल. पण ऐंशीवर ते तरी काका असतील का? ते अ‍ॅपवर लिहिणारे काका असतील. दुकान, घर, तुम्ही, यावर त्यांनी कुठं लिहिलंय? आणि काकू, आठ दिवस राहिलेत. ठिपका कुठं ठेवायचा ते काकांना विचारा. मेंदू त्यांचा आहे."

मी तिथल्या तिथं ह्यांना विचारलं. "अहो, हे यंत्र असंच ठेवायचं, की कमी करायचं?"

"आहे ते छान चाललंय," स्पीकर म्हणाला. "उगाच हात लावू नका."

ते वाक्य मी दुपारीच वाचलं होतं. कुठल्याशा कॅलेंडरच्या नव्या आवृत्तीवर. माझंच. मी ह्यांच्या डाव्या हाताकडं पाहिलं. नख वाजत होतं. टक टक, टक टक, थांबतच नव्हतं. डोळे माझ्यावर रोखलेले आणि भरलेले. मी तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि म्हटलं, "ऐकलं हो. आता ऐकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला चाकाची खुर्ची ढकलत मी ह्यांना दुकानात नेलं. पहिल्या खुर्चीत बसवलं, उजव्या बाजूला उशी लावली. मी दुसरीत बसले. पडद्यावरचा ठिपका सरकवत सरकवत दहावर आणला. मुजावरबाईंनी एकच बजावलं होतं, "शब्द त्यांच्या तोंडात घालू नका. कितीही वेळ लागला तरी."

हे मला सांगायचं! मी, जिनं तेहतीस वर्षं गिऱ्हाइकांची वाक्यं पुरी केली.

"दुकान द्यायचं?" मी विचारलं आणि ओठ घट्ट मिटले.

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. एक मिनिट गेलं. स्पीकरमधून खरखर आली, मग "पत्र". मग "पाट". मग काही नाही. ह्यांच्या कपाळावर घाम. मला दहा वेळा वाटलं, ठिपका पुन्हा उजवीकडं ढकलावा आणि त्या माणसाला सोडवावं. माझ्या जिभेवर चार शब्द नाचत होते. मी पदराचं टोक दातात धरलं.

सहाव्या मिनिटाला आवाज आला. "दुकान."

मी नुसती मान हलवली.

"द्या."

मी चकित झाले. मला वाटलं होतं, नाही म्हणतील. एवढं नख वाजवलं ते कशासाठी मग? विचारणार होते, पण ह्यांनी डावा हात थोडासा उचलला. थांब, म्हणाले. मी थांबले. घड्याळात आणखी नऊ मिनिटं गेली. बाहेर झेरॉक्सवाला डोकावून गेला, मी त्याला हातानंच घालवलं.

"खुर्च्या," आवाज म्हणाला. खूप वेळानं, "नको." आणि मग, जणू दगड ढकलून वर आणल्यासारखा शेवटचा शब्द: "आपल्या."

दुकान द्या. खुर्च्या द्यायच्या नाहीत, त्या आपल्या आहेत. निम्म्या गोष्टी काढून टाका म्हणणाऱ्या यंत्रानं इतके दिवस ह्यांचं हे एवढंच मला सांगू दिलं नव्हतं.

मी ह्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आवाज करून रडले. डावा हात माझ्या केसांवर येऊन थांबला. मग डोकं वर करून मी शेवटचा प्रश्न विचारला. ठिपका दाखवला. "हा कुठं ठेवू? उजवीकडं ठेवला तर घडाघडा बोलाल. इथं ठेवला तर एका दिवसात पाच वाक्यं. मला दोन्ही चालेल."

तेवढं मात्र मी खोटं बोलले. मला दोन्ही चालणार नव्हतं. आमटीला साडेतीन फोडी देणारा, भावाची टिंगल करणारा तो चटपटीत आवाज मला हवा होता. सात महिन्यांच्या मुकेपणानंतर मिळालेली ती बडबड सोडायची म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं. पण मी गप्प बसले. चार मिनिटं गेली.

"इथं," हे म्हणाले.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी मिरजेला जाऊन आम्ही ठिपका दहावर पक्का केला. मुजावरबाई म्हणाल्या, सराव झाला तर वर्षभरात वाक्यं थोडी लांब होतील. होतील तेव्हा होतील.

आता आम्ही बंगळुरूला आहोत. दोन निळ्या रेक्झिनच्या खुर्च्या टेम्पोतून आमच्याबरोबर आल्या. सानिकाच्या चकचकीत हॉलमध्ये त्या अगदी विशोभित दिसतात, आणि ती बिचारी काही बोलत नाही. समोर जुना मॅक, तोही शेवटी दिला नाही. रविवारी दुपारी जेवणं झाली की मी ह्यांना पहिल्या खुर्चीत बसवते.

गेल्या रविवारी सानिकानं नवा गेम लावून दिला, 'लिटल फेरी'. नदीतली एक छोटी होडी. या तीरावरची माणसं त्या तीरावर न्यायची. कुणाजवळ कोंबडी, कुणाजवळ ट्रंक, कुणी नवरी. पाणी संथ, मागं बासरीसारखं काहीतरी. पाच मिनिटांत मी म्हटलं, "पाचपैकी पाच! किती शांत आहे हो."

खुर्चीच्या हातावर नख वाजलं. टक टक.

"काय झालं आता?" मी विचारलं आणि भाजी निवडायला घेतली. मला आता थांबायची युक्ती सापडलीय, हाताला काम लावून घ्यायचं. गवार अर्धी निवडून झाली तेव्हा आवाज आला. "दोन."

"दोन? अहो, एवढ्या सुंदर गेमला दोन फोडी? का म्हणून?"

उरलेली गवार निवडून झाली. देठं टाकून आले. सानिका कुकर लावून आली आणि आमच्या मागं उभी राहिली. अकरा मिनिटं झाली होती.

"नावाडी," हे म्हणाले. मग कितीतरी वेळानं, "एकटा."

मी पडद्याकडं पाहिलं. खरंच की. होडीत माणसं चढत होती, उतरत होती. वल्हवणारा तेवढा सबंध नदीत एकटा होता. त्याच्या शेजारी बसायला फळीच नव्हती.

सानिका नाक ओढत आत गेली. मी मात्र हार मानली नाही. म्हटलं, गर्दी नाही म्हणूनच तर शांत आहे, तुम्हाला मेलं काही कळत नाही. टक टक. मी म्हटलं, निदान तीन तरी द्या. टक टक. आम्ही अर्धा तास भांडलो. किती महिन्यांनी भांडलो! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मग मी ह्यांच्या हाताखालून कळफलक माझ्याकडं ओढला आणि 'सफरचंदाची साल'वर अकराशे तेरावं परीक्षण लिहिलं. वर गेमचं नाव. खाली ह्यांचं मत, काना मात्रा न बदलता: 'नावाडी एकटा. दोन फोडी.' एक ओळ मोकळी सोडली. मग मथळा घातला, ठळक केला, आणि ठळक झालाय ना ते दोनदा तपासलं.

दुसऱ्या खुर्चीचं मत: पाच फोडी. पहिली खुर्ची साफ चुकते आहे, आणि हे मी तिच्या शेजारी बसून लिहिते आहे.